न दिसणाऱ्याचं वकीलपत्र

चिकित्सक : पिंपळावरचा मुंजा, चिंचेखालची हडळ, विहिरीतल्या आसरा यांच्याशी आपण महाराष्ट्रात किती वर्षं भांडतो आहोत! व्याख्यानं झाली, प्रात्यक्षिकं झाली, शेवटी कायदाही झाला. मग हीच भीती अरबी नाव लावून आली की तुमच्यासारखी वाचलेली माणसं सावरून का बसतात? मुंजा म्हटलं की अंधश्रद्धा आणि जिन म्हटलं की सांस्कृतिक वारसा, हा पंक्तिप्रपंच मला कळत नाही. प्यू संशोधन केंद्रानं २०१२ साली एक मोठा पाहणी-अहवाल काढला. त्यात मोरोक्कोतल्या ८६ टक्के मुसलमानांनी जिनांवर विश्वास असल्याचं सांगितलं आहे. ही संख्या कौतुकानं वाचायची की काळजीनं, एवढं सांगा.

रसिक : आधी तुमची यादी दुरुस्त करू. मुंजा, हडळ, समंध ही सगळी मेलेली माणसं. मुंज झाली आणि लग्नाआधी मुलगा गेला, तो मुंजा. बाळंतपणात बाई गेली, ती हडळ. पुरलेल्या धनात जीव गुंतला, तो समंध. इच्छा अपुरी राहिली म्हणून माणूस मागे रेंगाळतो, असा आपल्याकडचा हिशेब आहे. जिन कधीच माणूस नव्हता. कुराणाप्रमाणे माणूस मातीचा आणि जिन आगीचा, तोही माणसाच्या आधी घडवलेला. तो जन्मतो, जेवतो, लग्न करतो, त्याला पोरंबाळं होतात आणि तो मरतोही. आपल्याकडे त्याचं नातं लावायचंच झालं तर यक्षाशी लागेल, भुताशी नाही.

आणि त्याला धर्म आहे. कुराणाचा ७२वा अध्याय जिनांच्याच नावाचा, २८ आयतींचा. जिनांची एक टोळी जाता जाता कुराणपठण ऐकते, थबकते, ऐकून विश्वास ठेवते आणि आपल्या लोकांत जाऊन सांगते. आमच्यात चांगले आहेत तसे वेगळ्या वळणाचेही आहेत, असं त्या अध्यायात जिनच बोलून दाखवतात. मक्केत याची आठवण सांगणारी मशीद आजही आहे. ५५वा अध्याय घ्या. तुम्ही दोघं आपल्या पालनकर्त्याची कोणकोणती देणगी नाकाराल, असा प्रश्न तिथे ३१ वेळा येतो. दोघं म्हणजे माणूस आणि जिन. एकाच श्रोतृवर्गात शेजारी शेजारी बसवलेले. ज्याला उपदेश करता येतो, ज्याचा शेवटी हिशेब होतो, त्याला तुम्ही हडळीच्या रांगेत उभं करता आहात.

चिकित्सक : तुम्ही तर माझं काम आणखी अवघड करून ठेवलंत. मुंज्याला कुठल्याही वेदाचा आधार नाही, त्यामुळे त्याला हसून घालवता येतं. जिन नाकारला तर मात्र ग्रंथच नाकारल्यासारखं होतं. बरं, ही कल्पना इस्लामनं आणलेली नाही. त्याच्याही आधी वाळवंटातला प्रवासी रात्री एखाद्या दरीत मुक्काम करताना त्या दरीच्या मालकाचा आसरा मागायचा, आणि तो मालक म्हणजे जिन. प्रत्येक कवीचा एक जिन असतो आणि तोच त्याच्या कानात ओळी सांगतो, असंही अरब मानत. म्हणून तर मक्केच्या लोकांनी पैगंबरांवर पहिला आळ घेतला तो हाच, की याला जिन लागला आहे. कुराणाला तो आरोप पुन्हा पुन्हा खोडून काढावा लागला. जुनी लोकसमजूत होती, तिच्यावर नव्या धर्मानं शिक्का मारला. यापलीकडे झालं काय?

रसिक : शिक्का मारला, पण हुद्दाही उतरवला. दरीच्या मालकाचा आसरा मागण्याची जी गोष्ट तुम्ही सांगितलीत, तिचा उल्लेख त्याच ७२व्या अध्यायात आहे आणि तो निषेधाचा आहे. माणसं जिनांचा आसरा मागत गेली आणि त्यानं प्रकरण चिघळतच गेलं, असा. काही लोक जिनांना देवाचे भागीदार मानत, त्यांनाही कुराण फटकारतं. अर्धा देव होता त्याला प्रजाजन केलं.

सुलेमानाची गोष्ट तर मला या सगळ्या परंपरेचं मर्म वाटते. सुलेमान पैगंबरांच्या हाताखाली जिन राबत. मोठमोठ्या वास्तू उभारायच्या, हौदाएवढी ताटं घडवायची, जागची हलणार नाहीत अशा कढया ओतायच्या. सुलेमान काठीवर रेलून उभे असतानाच वारले. जिनांना पत्ताच नाही. धनी बघतो आहे या समजुतीनं ते राबतच राहिले. काठीला वाळवी लागली, काठी पोखरली गेली, देह कोसळला, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. आणि इथे कुराण स्वतःच निष्कर्ष काढतं: जिनांना अदृश्य गोष्टी कळत असत्या तर ते त्या मानहानीच्या मजुरीत अडकून पडले नसते. आता मला सांगा, चोरी कुणी केली, लग्न कधी होईल, पोर का आजारी पडलं हे जिनाला विचारून सांगतो म्हणणाऱ्या प्रत्येक बुवाचं दुकान या एका गोष्टीनं बंद व्हायला हवं की नको? जो मालक समोर मेलेला असताना ओळखू शकला नाही, तो तुमची हरवलेली बांगडी काय शोधणार!

चिकित्सक : व्हायला हवं, पण झालं का? ग्रंथात काय आहे आणि गल्लीत काय चालतं यांची गाठ घालून देण्याची जबाबदारी तुम्हा रसिकांवर आहे, आणि तुम्ही नेमके ग्रंथापाशी थांबता.

ग्रंथांचंच बोलायचं तर माझाही एक माणूस त्या परंपरेत आहे. नवव्या शतकातला बसऱ्याचा अल-जाहिझ. प्राण्यांवरच्या त्याच्या प्रचंड ग्रंथात जिनांच्या गोष्टींचा समाचार आहे. तिथे तो आपला गुरू नझ्झाम याचं म्हणणं देतो. निर्जन मुलखात माणूस एकटा राहिला, बोलायला कुणी नाही, हाताला काम नाही, की त्याचं मन भरकटतं. लहान वस्तू मोठी दिसू लागते, नाही ते ऐकू येतं. मग तो त्यावर कवन रचतो, चारचौघांत सांगतो, पोरं ती ऐकत वाढतात. पुढे तोच पोरगा काळ्याकुट्ट रात्री वाळवंटात सापडला आणि घुबड ओरडलं की त्याला जे ऐकायचं ते आधीच ठरलेलं असतं. शिवाय ऐकणारा जितका भोळा तितकी गोष्ट फुलते, हेही त्यात आहे. एवढं स्वच्छ मानसशास्त्र अकराशे वर्षांपूर्वीचं! तत्त्वज्ञ इब्न सिना जिनाची व्याख्या करतो: वायुरूप, वेगवेगळे आकार घेणारा प्राणी. नंतरचे भाष्यकार फख्रुद्दीन राझी तिचा अर्थ असा लावतात की इब्न सिना इथे फक्त शब्द समजावून देतो आहे, अशी वस्तू जगात आहे असं म्हणत नाही. म्हणजे नकार देणारे लोकही याच घरात जन्मले आहेत. परंपरा म्हणून तुम्ही तिचा आश्चर्याचा अर्धा भागच दाखवता, शंकेचा दाखवत नाही.

रसिक : जाहिझ मला तुमच्याइतकाच प्रिय आहे. पण तोच जाहिझ जिनांच्या गोष्टी किती चवीनं गोळा करतो तेही सांगा की! खोडून काढायचं म्हणून मांडल्या आणि मांडताना हात आखडला नाही. असो.

जिन खरा की खोटा एवढ्यावरच सगळे अडकले नव्हते, हे मला सांगायचं आहे. काहींनी त्याच्याकडून काम करून घेतलं. दहाव्या शतकात बसऱ्यात ‘इख्वान अस्-सफा’ नावानं लिहिणारं एक मंडळ होतं. त्यांच्या प्रबंधमालेतला २२वा प्रबंध म्हणजे चक्क एक खटला आहे. एका बेटावर प्राणी सुखानं राहत असतात. जहाज भरकटून माणसं तिथे येतात आणि सवयीप्रमाणे प्राण्यांना जुंपायला, दाव्याला बांधायला लागतात. प्राणी दाद मागतात ती जिनांच्या राजाकडे. खटला उभा राहतो. आमचा देह सरळ आणि सुंदर आहे म्हणून आम्ही धनी, असं माणसं म्हणतात. ज्याला जशी गरज तसा त्याला देह दिला आहे, असं प्राणी उत्तर देतात. माणसं आपल्या कारागिरीचा तोरा मिरवतात, तर मधमाश्यांचा प्रतिनिधी विचारतो, आमची षट्कोनी घरं कुणाच्या पट्टीनं आखली? एकेक मुद्दा पडत जातो. अखेरीस निकाल माणसाच्या बाजूनं लागतो, पण तोही परलोकातल्या जबाबदारीच्या आणि त्यांच्यातल्या मूठभर संतसज्जनांच्या आधारावर. वाचणाऱ्याला जिंकल्याचा आनंद होत नाही.

हा खटला माणसापुढे चालवता आला नसता, कारण माणूस आरोपी आहे. प्राण्यापुढेही नाही, कारण तो फिर्यादी. सृष्टीत तिसरा कुणी बुद्धिमान, नीती समजणारा, पण या भांडणात वाटा नसलेला हवा होता. तो त्यांना आयता सापडला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी १८१० साली या प्रबंधाचं उर्दू भाषांतर झालं, तेव्हापासून ही कथा हिंदुस्थानातही वाचली जाते. आज जंगलं आणि नद्यांच्या वतीनं कोर्टात कुणी उभं राहायचं यावर आपण परिसंवाद घेतो. जिनाच्या राजानं ती सोय हजार वर्षांपूर्वी केली होती.

चिकित्सक : साहित्यात जिन असायला माझी हरकत कधीच नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणल्या, त्यातला बाटलीतला राक्षस आपण सगळेच बघून बसलो आहोत. कोळ्याच्या जाळ्यात सुलेमानाच्या मोहरेची सुरई सापडते ती गोष्ट मला फार आवडते. कोंडलेला जिन आधी ठरवतो, सोडवणाऱ्याला श्रीमंत करीन. शतकं उलटतात, कुणी येत नाही, आणि शेवटी तो ठरवतो, सोडवील त्याला मारीन. उपेक्षेनं उपकाराची इच्छाही कशी नासते याचं इतकं नेमकं चित्र विरळा. (अल्लाउद्दीनच्या दिव्याचं मात्र विचारू नका. ती गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडतच नाही. गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला ती १७०९ साली पॅरिसमध्ये अलेप्पोच्या हन्ना दियाबनं सांगितली, आणि ती घडते कुठे, तर चीनमध्ये!)

पण गोष्टीतला जिन कायद्याच्या पुस्तकात शिरतो तेव्हा मला हसू येतं. चौदाव्या शतकातल्या बद्रुद्दीन शिब्ली या काझीनं जिनांविषयीच्या नियमांवर अख्खा ग्रंथ लिहिला. माणसाचं जिनाशी लग्न लागू शकतं का? जिन मागे उभा असेल तर सामुदायिक नमाज पुरी होते का? एक न्यायाधीश माणूस आपली बुद्धी कशावर खर्च करतो!

रसिक : हसा, पण त्याच ग्रंथानं जपलेली एक आठवण ऐका. मदिनेचे इमाम मालिक, म्हणजे आठव्या शतकातले, ज्यांच्या नावानं पुढे एक अख्खा विधिपंथ चालला. त्यांना येमेनमधून विचारणा झाली, की एक जिन आमच्याकडच्या मुलीला रीतसर मागणी घालतो आहे, काय करावं? मालिक म्हणाले असं सांगतात, की धर्माच्या दृष्टीनं मला यात अडचण दिसत नाही. पण उद्या एखादी बाई गरोदर दिसली, नवरा कोण विचारलं, आणि ती म्हणाली ‘जिन’, तर समाजात अनाचार माजेल. म्हणून मला हे पसंत नाही. बघा, जिन आहे की नाही या वादात ते शिरलेच नाहीत. जिनाच्या नावाखाली माणसं काय करतील ते त्यांनी पाहिलं आणि दार लावून घेतलं. तुमच्या अंधश्रद्धाविरोधी समितीच्या कार्यकर्त्याला यापेक्षा जास्त काय हवं?

चिकित्सक : मला जास्त हवं आहे. मालिकांनी दार कुणासाठी लावलं तेही बघा. त्या गरोदर बाईसाठी. तिच्यावर जबरदस्ती झाली असेल, घरातल्याच कुणी केली असेल आणि त्याचं नाव घेण्याची सोय नसेल. अशा बाईला ‘जिन’ हे एकच उत्तर देऊन जीव वाचवता आला असता, तर इमामसाहेबांनी तेही काढून घेतलं. मी जिनाची बाजू घेत नाही, पण तुमच्या उदाहरणात कायदा नेमका कुणाच्या अब्रूची राखण करतो आहे?

रसिक : हा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण तो तुमच्याच विरुद्ध जातो. म्हणजे जिन हा दुबळ्याचा आधार असू शकतो, हे तुम्हाला मान्य आहे. मग सुदानकडे चला. इजिप्त, सुदान, इथिओपिया या पट्ट्यात ‘झार’ म्हणून एक प्रकार आहे. झार म्हणजे जिनांचीच एक जात, आणि त्यांना रिझवण्याचा विधीही झारच. कॅनडाच्या मानववंशशास्त्रज्ञ जॅनिस बॉडी उत्तर सुदानमधल्या एका खेड्यात राहिल्या, १९८९ साली त्यांचं पुस्तक आलं. झार लागतो तो बहुतेक बायकांना. त्यांच्या अंगात येणारी मंडळी तर बघण्यासारखी आहे: दरवेशी येतात, हबशी येतात, तुर्की पाशा येतात आणि गोरे साहेबसुद्धा येतात. ज्यांनी ज्यांनी त्या भूमीवर हुकूम चालवला ते सगळे तिथल्या बायकांच्या अंगात येऊन बोलतात, चालतात, मागण्या करतात. साहेबाला साहेबी पदार्थ हवेत, कुणाला अत्तर हवं, कुणाला नवं वस्त्र, कुणाला सोनं. बायकोचं न ऐकणारा नवरा झारचं ऐकतो, कारण नाकारलं तर ती पुन्हा आजारी पडेल.

आणि झारला हाकलत नाहीत, हे लक्षात घ्या. तो जन्माचा. त्याच्याशी तह करायचा असतो, करार पाळायचा असतो. आय. एम. लुईस यांनी १९७१ सालीच लिहिलं होतं की हा सत्ता नसलेल्यांचा निषेध आहे. बॉडींना एवढ्यानं समाधान नव्हतं. आपण कोण आहोत हे त्या बायका परक्याच्या तोंडून बघतात, त्यातून स्वतःपासून जरा लांब उभं राहायला शिकतात, असं त्यांना दिसलं. तुमच्या चौकटीत या बाया एक तर आजारी ठरतात नाही तर ढोंगी. तिसरं काही बसतच नाही.

चिकित्सक : माझी खरी हरकत इथे सुरू होते. बाईला स्वतःच्या तोंडानं नवं वस्त्र मागता येत नाही, पाशाच्या तोंडानं मागावं लागतं, याला तुम्ही युक्ती म्हणता. मी त्याला दारिद्र्य म्हणतो. आणि त्या युक्तीची किंमत कोण मोजतं? जिन तुमच्या अंगात आहे असं एकदा ठरलं की तुमचं शरीर दुसऱ्याच्या ताब्यात जातं. कधी पाठीवर छडी, कधी गळा दाबणं. मार तुम्हाला लागत नाही, जिनाला लागतो, असं वर समाधान.

इब्न अल-कय्यिम हे चौदाव्या शतकातले मोठे विद्वान. फेफरं दोन प्रकारचं, एक दुष्ट आत्म्यांमुळे आणि दुसरं शरीरातल्या बिघडलेल्या द्रवांमुळे, असं त्यांनी लिहून ठेवलं. दुसऱ्याचा इलाज वैद्याचा. छान! पण समोर पोरगी फेस येऊन पडली असताना हे फेफरं पहिलं की दुसरं, हे कोण सांगणार? त्या प्रश्नातच दुकानाची जागा आहे, आणि ती जागा कधी रिकामी राहिलेली नाही. सौदी अरेबियात तर धार्मिक पोलिसांनी २००९ साली जादूटोण्याविरुद्ध खास पथक काढलं, आणि डिसेंबर २०११ मध्ये अल-जौफ प्रांतात चेटूक केल्याच्या आरोपावरून एका बाईला देहदंड दिला गेला. न दिसणाऱ्याचा गुन्हा, त्याचा पुरावा काय आणि उलटतपासणी कुणाची?

आणखी एक. झोपेतून जाग येते, डोळे उघडे, पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. झोपेतल्या स्नायुशिथिलतेतून मेंदू आधी जागा झाला की असं होतं, जगभर होतं. बलंद जलाल आणि डेव्हन हिंटन यांनी २०१३ साली डेन्मार्क आणि इजिप्त अशी तुलना प्रसिद्ध केली. इजिप्तमधल्या लोकांना हा प्रकार जास्त वेळा, जास्त वेळ आणि कितीतरी अधिक भीतीनं होत होता. आता आपण मेलोच, असं वाटण्याइतकी भीती. तिथे याचं सर्रास दिलं जाणारं एक कारण जिन आहे. म्हणजे जिन हे भीतीचं नुसतं स्पष्टीकरण नाही, भीतीचा तो खुराकही आहे.

रसिक : दोन देशांच्या तुलनेतून एवढं निघत नाही. झोप, गरिबी, काळज्या, सगळंच वेगळं आहे. पण तुमचा रोख मला मान्य आहे. फेफऱ्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, तेही मान्य. फक्त एवढं जोडा, की ज्या कैरोत जिन मानत होते त्याच कैरोत सुलतान कलावूननं १२८४ साली रुग्णालय उभारलं आणि त्यात मनोरुग्णांसाठी वेगळी व्यवस्था होती. जिनांमुळे वैद्यक अडलं, असं इतिहास सांगत नाही.

जिनाबरोबर भीती आली, तशी अदबही आली, आणि ती मला टाकवत नाही. बिळात लघवी करू नका, कारण ते कुणाचं तरी घर असेल. हाडांनी आणि शेणानं अंग पुसू नका, कारण ते जिनांचं आणि त्यांच्या जनावरांचं अन्न आहे. हे हदीसमधले, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतले, संकेत आहेत. मदिनेच्या घरात साप निघाला तर त्याला आधी इशारा द्या, तीन दिवस वाट बघा, तो जिन असेल तर निघून जाईल, त्यानंतरही राहिला तर मग मारा. पैगंबरांच्या काळातल्या खंदकाच्या लढाईच्या वेळी नुकतंच लग्न झालेला एक तरुण घरी येतो, अंथरुणावर साप बघून भाला खुपसतो, आणि आधी साप मेला की आधी तो, हे कुणाला कळत नाही. अरबी गोष्टींच्या मालिकेतली सुरुवातीचीच कथा घ्या. व्यापारी खजूर खाऊन बी भिरकावतो, ती एका जिनाच्या मुलाला लागते, मुलगा मरतो, आणि बाप तलवार घेऊन समोर उभा राहतो. मला दिसला नाही, ही सबब तिथे चालत नाही. आपल्याला दिसत नाही तिथेही कुणी राहत असेल असं धरून वागायचं. ही सवय मोडून आपण काय कमावलं, ते आपल्या नद्यांकडे पाहून सांगा.

चिकित्सक : नद्यांसाठी मला जिन लागत नाही, प्रदूषणाचे आकडे पुरतात. आणि अदबीच्या पलीकडे जाऊन कुणी खाली उतरलं तर काय सापडतं, तेही ऐका. येमेनच्या महरा प्रांतातलं बरहूतचं विवर जिनांचा तुरुंग म्हणून शतकानुशतकं बदनाम होतं. तोंडाशी साधारण ३० मीटर रुंद, ११२ मीटर खोल. सप्टेंबर २०२१ मध्ये ओमानी गुहाशोधकांची तुकडी थेट तळापर्यंत गेली. साप होते, धबधबे होते, मेलेली जनावरं होती, पाण्याच्या ठिबकण्यानं घडलेले गुहामोती होते. तुरुंग नव्हता.

रसिक : ते मोती इतकी वर्षं जागच्या जागी राहिले ते भीतीमुळे की खोलीमुळे, यावर मी हट्ट धरणार नाही.

पण दिल्लीतलं एक उदाहरण तुम्हाला ऐकावंच लागेल. फिरोजशहा कोटला, फिरोजशहा तुघलकाचा १३५४ सालचा किल्ला. दर गुरुवारी तिथल्या पडक्या कोनाड्यांत लोक जिनांना अर्ज लिहून ठेवतात. हिंदू, मुसलमान, सगळे. आनंद विवेक तनेजा यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यांच्या शोधानुसार ही रीत ठळक झाली ती १९७७ नंतर, म्हणजे आणीबाणीत दिल्लीतल्या वस्त्या उठवल्या गेल्या त्यानंतर. अर्जही कसे, तर सरकारी कचेरीत देतात तसे: नाव, पत्ता, कधी फोटो, आणि एकाच अर्जाच्या अनेक छायाप्रती, वेगवेगळ्या कोनाड्यांत. ज्या सरकारनं घर पाडलं त्याच्या खिडकीवर कुणी ऐकलं नाही, म्हणून तीच भाषा घेऊन लोक जिनांच्या खिडकीवर गेले. आणि ती संरक्षित सरकारी वास्तू असल्यामुळे दर्ग्यासारखा वंशपरंपरागत मुजावर तिथे नाही. जिनाच्या वतीनं उत्तर देणारा कुणी नाही. छडी नाही, दक्षिणा नाही. तुम्ही ज्याला दुकान म्हणता ते त्या जागेवर जवळजवळ उभंच राहत नाही.

चिकित्सक : जवळजवळ! म्हणजे माझं भांडण जिनाशी उरलंच नाही म्हणायचं, त्याचं वकीलपत्र घेणाऱ्या माणसाशी उरलं. ठीक आहे, मी तेवढ्यावर यायला तयार आहे. आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हेच करतो. भूत आहे की नाही यावर तो एक अक्षर बोलत नाही. भूत उतरवतो म्हणून मारहाण केलीत, साप-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवलंत, तर तो तुम्हाला पकडतो. गुन्हा कृतीचा, कल्पनेचा नाही.

रसिक : मग इमाम मालिकांशी तुमचं भांडण काय होतं?

चिकित्सक : ते बाईला गप्प करत होते, हा कायदा बुवाला गप्प करतो. फरक मोठा आहे. पण तुमचा टोला लागला, हे खरं. आणि तो कायदा जिथे थांबतो तिथली अडचणही मला ठाऊक आहे. कोनाड्यात अर्ज ठेवणारा माणूस सहा महिने वाट बघतो. पोर बरं होत नाही. मग कुणी तरी शेजारी सांगतो, अर्जानं काय होतंय, जिनाशी बोलणारा एक जण आहे माझ्या ओळखीचा. तुमची अदब आणि त्याची छडी यांच्यामध्ये भिंत नाही. कल्पना शाबूत ठेवून दलाल तेवढा हटवायचा, हे कागदावर सोपं आहे.

रसिक : आणि कल्पनाच काढून टाकली तर सुदानमधली ती बाई बोलणार कशानं? तिला दवाखाना, कोर्ट आणि ऐकणारा नवरा आधी देऊ, मग झार मागू. आज तुमच्याकडे यातलं किती आहे?

चिकित्सक : पुरेसं नाही. तरीही मी थांबणार नाही, कारण तोपर्यंत मार खाणारी बाई थांबू शकत नाही. माझी मागणी साधी आहे. जिनाच्या नावानं जो माणूस पैसे घेईल, हात उगारेल, औषध बंद करायला लावील, त्याच्यावर गुन्हा नोंदवा, तो मौलवी असो की मांत्रिक. यावर तुमची सही हवी.

रसिक : सही घ्या. माझी एक अट लिहून घ्या. गुन्हा नोंदवताना त्या बाईच्या तोंडून अंगात आल्यावर जे जे निघालं, कोण नको, कोण मारतं, कुठे जायचं नाही, ते सगळं जबाबात शब्दशः उतरवा. ‘रुग्ण असंबद्ध बडबडत होती’ एवढ्यावर पान उलटू नका.

चिकित्सक : उतरवतो. पण शिपाई विचारेल, हे कुणाचं म्हणणं म्हणून लिहू? जिनाचं लिहिलं तर कोर्ट उडवून लावील, तिचं लिहिलं तर घरी गेल्यावर नवरा.

रसिक : तिचंच लिहा. आणि नवऱ्याला आधी ठाण्यात बोलवा.